वाजेल ते कामाचंच असावं

पोरांनो, फोन चांगला की वाईट या वादात मला ओढू नका. आपल्या मोहोपाड्याच्या बाजारात आता मेथीची जुडीसुद्धा फोनवर पैसे देऊन मिळते. कंपनीत पाळी बदलल्याचा निरोप फोनवर येतो आणि कॉलेजच्या नोट्सही तिथेच येतात. तेव्हा फोन टाकून द्या, असं सांगणारा म्हातारा मी नव्हे. माझं म्हणणं एवढंच, की फोन आपल्या कामाचा होईल असा लावून घ्या. दुकानातून आणलेला फोन जसा लावलेला असतो तो ॲपवाल्यांच्या सोयीचा असतो. तुमच्या सोयीचा तुम्हालाच करून घ्यावा लागतो.

हे शहाणपण मी फोनकडून शिकलो नाही, कंट्रोल रूममध्ये शिकलो. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स १९६० साली स्थापन झाली आणि इथल्या पाताळगंगेच्या काठी तिचा कारखाना उभा राहिला. पुढे आजूबाजूला आणखी कंपन्या आल्या आणि आपल्या भातखाचरांच्या मुलखात भोंग्यावर घड्याळ लावायची पद्धत पडली. रॉकेटला लागणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइडसुद्धा इथं बनायचं. २०१७ मध्ये केंद्राने त्या कारखान्यातले तोट्यातले प्लांट बंद करायचं ठरवलं, तेव्हा तेवढा एक प्लांट इस्रोकडे द्यायचं ठरलं. असला माल हाताळणाऱ्या गावात लक्ष देणं हा शौक नसतो, पोटापाण्याचा भाग असतो.

माझी नोकरी अशाच एका केमिकल प्लांटच्या पॅनलसमोर गेली. टेंपरेचर, प्रेशर, टाकीची लेव्हल यांपैकी कशानेही मर्यादा ओलांडली की हूटर वाजायचा, दिवा लुकलुकायचा. बटण दाबून हूटर गप्प करायचा आणि लगेच काहीतरी करायचं: व्हॉल्व्ह बंद करायचा, पंप चालू करायचा, फील्डवरच्या माणसाला पळवायचं. सीनियर मंडळींनी सुरुवातीलाच बजावलं होतं, की ज्यावर आपल्याला काही करायचं नाही तो अलार्म पॅनलवर ठेवायचाच नाही. उगाच वाजणारे दहा ठेवले की अकरावा खरा वाजतो आणि हात सवयीने बटण दाबून मोकळा होतो.

याची किंमत काय असते, ते वेल्समध्ये दिसलं. मिलफर्ड हेवन इथल्या टेक्साकोच्या रिफायनरीत २४ जुलै १९९४ ला स्फोट झाला. चौकशीत निघालं, की स्फोटाआधीच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म वाजले होते. त्यांतला खरा कुठला, हे माणसाने ओळखायचं कधी? पुढे इंग्लंडात अलार्म कसे लावावेत यावर एक मार्गदर्शक पुस्तिका निघाली. प्लांट सुरळीत चालू असताना एका ऑपरेटरला दहा मिनिटांत साधारण एकाहून जास्त अलार्म येऊ नये, असं माप तिने घालून दिलं.

आता तुमचा फोन दहा मिनिटं समोर ठेवा आणि मोजा. म्हणून सांगतो, फोन पॅनलसारखा लावा. कसा, ते ऐका.

पहिला कानमंत्र: काही करायचं नसेल, तर वाजू देऊ नका

सेटिंग्जमध्ये जाऊन नोटिफिकेशनची यादी उघडा. प्रत्येक ॲपपुढे एकच प्रश्न विचारा: हे वाजलं तर मी लगेच काही करणार आहे का? फोन आला तर उचलायचा असतो. बँकेचा मेसेज आला तर पैसे कुठे गेले ते बघायचं असतं. ओटीपी आला तर टाकायचा असतो. हे राहू द्या. साडीवर सूट लागली, कुणीतरी फोटो टाकला, गेममधली लाइफ भरली, अमक्याने तमक्याला लाइक केलं, यांवर करायचं काय? काही नाही. सरळ बंद करा. नुसता आवाज बंद करू नका. वरची पट्टी आणि ॲपच्या कोपऱ्यातला लाल आकडासुद्धा घालवा. तो आकडा म्हणजे लुकलुकणारा दिवाच आहे. हूटर बंद केला तरी डोळा तिकडे जातोच.

नवीन ॲप टाकताना आधी सावध व्हा. २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ पासून ॲपला नोटिफिकेशन पाठवण्याआधी तुमची परवानगी मागावी लागते. घाईत सगळे 'अलाऊ' दाबतात. तुम्ही तिथे 'नको' म्हणा. खरंच गरज पडली तर नंतर चालू करता येतं.

जाहिरातीचे कॉल आणि मेसेज छळत असतील तर १९०९ ला फोन करून 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये नंबर नोंदवा. आणि १४० ने सुरू होणारा नंबर दिसला तर उचलायचा नाही. ते आकडे जाहिरातीच्या कॉलसाठीच राखलेले आहेत.

दुसरा कानमंत्र: माणूस वाजू दे, ग्रुप नको

तुमचा खरा गोंगाट व्हॉट्सॲपचा. सोसायटीचा ग्रुप, गावकीचा ग्रुप, क्रिकेटच्या टीमचा, दहावीच्या बॅचचा, लग्न होऊन वर्ष झालं तरी न मोडलेला लग्नाचा ग्रुप. ग्रुप सोडला तर माणसं रुसतात, म्हणून सोडू नका. म्यूट करा. पूर्वी वर्षभरापुरतंच म्यूट करता यायचं. २०२० पासून 'कायमचं' हा पर्याय आहे. तो निवडा आणि ग्रुप आर्काइव्हमध्ये टाका. २०२१ पासून आर्काइव्हमधला ग्रुप नवा मेसेज आला तरी आपणहून वर येत नाही. तुमचं नाव घेऊन कुणी बोलावलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तर तेवढं कळतं. म्हणजे कामाचं काही हुकत नाही.

याला अपवाद एकच: कंपनीत असाल तर पाळीचा ग्रुप. रिलीव्हर आला नाही, ओव्हरटाइमला थांबायचंय, हे वेळेवर कळलंच पाहिजे. तो वाजू द्या. पण त्याच ग्रुपवर लोक सणाच्या शुभेच्छा टाकत असतील, तर सुपरवायझरला सांगून कामाचा ग्रुप वेगळा करून घ्या. ज्या ग्रुपमध्ये निरोप आणि शुभेच्छा एकत्र येतात, तिथे एक दिवस निरोप वाचायचा राहतो.

आई, बाबा, घरातली आजारी माणसं यांना वेगळी रिंगटोन द्या. खिशातून फोन न काढता कळलं पाहिजे की हा उचलायचाच आहे. आणि व्हॉट्सॲपच्या स्टोरेज अँड डेटामध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. फोन भरत नाही, आणि उतरलंय म्हणून बघायचा मोहही होत नाही.

जाता जाता एक. आम्हा म्हाताऱ्यांच्या सुप्रभातला उत्तर दिलं नाही तर आम्ही रागावत नाही. तेवढ्यासाठी अभ्यासातून उठू नका.

तिसरा कानमंत्र: पहिल्या पानावर फक्त हत्यारं

फोन उघडल्यावर जे पान दिसतं त्यावर काय ठेवायचं, हे माणसं नशिबावर सोडतात. तिथे फक्त अशी ॲप ठेवा, जी काम सांगितल्यावर काम करतात आणि संपतात. फोन, कॅमेरा, कॅल्क्युलेटर, पैसे द्यायचं ॲप, नकाशा, गाडीची वेळ, टिपणवही. पाना-हातोड्याला कधी कुणी तासभर नुसतं बघत बसलंय का? ही त्या जातीची ॲप.

जी ॲप संपतच नाहीत, त्यांना पहिल्या पानावर जागा देऊ नका. बोट खाली ओढत राहायचं आणि खालून नवं येतच राहायचं, ही सोय ॲझा रास्किन नावाच्या अमेरिकन डिझायनरने २००६ मध्ये बनवली, आणि पुढे त्यानेच जाहीरपणे तिच्याबद्दल खेद व्यक्त केला. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं, मालिकेचा भाग संपतो. या ॲपना तळ नाही. तिथे थांबायची जागा तुम्हालाच करावी लागते. म्हणून रील्सवालं ॲप आतल्या यादीत टाका; उघडायचं असेल तर नाव टाइप करून शोधावं लागू दे. जमत असेल तर फोनमधून काढूनच टाका आणि ब्राउझरमधून बघा. दोन पावलं जास्त चालावी लागली की निम्मी हौस वाटेतच फिटते.

यूट्यूबला मी नावं ठेवत नाही. तिथे बारावीचं फिजिक्स आहे, आयटीआयच्या ट्रेडचे धडे आहेत, भजनं आहेत. पण आधी ऑटोप्ले बंद करा. मग हिस्टरीत जाऊन वॉच हिस्टरी बंद करा आणि जुनी पुसा. ऑगस्ट २०२३ पासून असं केलं की पहिल्या पानावर सुचवलेले व्हिडिओ येत नाहीत, नुसता शोधायचा चौकोन उरतो. जे बघायला आलात ते शोधा, बघा, उठा.

चौथा कानमंत्र: फोन कुठे ठेवता, हे पहिलं

केमिकल प्लांटमध्ये साधा फोन आत नेऊ देत नाहीत. ज्वलनशील वाफ असेल तिथे साध्या उपकरणाच्या ठिणगीचाही भरवसा नसतो. गेटवर किंवा लॉकरमध्ये फोन ठेवायचा आणि आत जायचं. निवृत्तीनंतर माझ्या लक्षात आलं, की त्या नियमाने आम्हाला दुसराही एक फायदा दिला होता. पाळी चालू असताना फोन बघायचा की नाही, हे आम्हाला ठरवावंच लागत नव्हतं. तो जवळच नव्हता.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक प्रयोग छापला. लक्ष द्यावं लागेल असं काम लोकांना दिलं आणि मध्येच त्यांच्या फोनवर नोटिफिकेशन पाठवलं. लोकांनी फोन हातातही घेतला नाही, तरी त्यांच्या चुका वाढल्या. वाजणं ऐकलं की मन उठून जातं, शरीर बसलेलं असलं तरी.

म्हणून अभ्यासाला बसताना फोन उलटा ठेवला, सायलेंट केला, यावर समाधान मानू नका. दुसऱ्या खोलीत ठेवा. एकच खोली असेल तर आईच्या पिशवीत, कपाटात, फळीवर. नोट्स फोनवर आल्या असतील तर बसण्याआधी लागणारी पानं बाजारात जाऊन छापून आणा किंवा वहीत उतरवा. पाच रुपये जातात, तास वाचतो.

झोपताना फोन उशाशी नको. गजरासाठी लागतो म्हणाल, तर गजराचं घड्याळ आणा. चार्जरची जागा स्वयंपाकघरात किंवा ओटीवर ठरवून टाका आणि घरातल्या सगळ्यांचे फोन रात्री तिथेच लावा.

पाचवा कानमंत्र: प्रत्येक वेळेचा वेगळा फोन

नाइट करून सकाळी घरी आलेला माणूस दुपारी झोपतो. जगाचा दिवस चालू असतो आणि त्याची रात्र. अशा माणसाने फोनमधलं 'डू नॉट डिस्टर्ब' नीट शिकून घ्यावं. त्यात ठरावीक माणसांनाच वाजायची परवानगी देता येते आणि वेळही लावून ठेवता येते. शिवाय त्यात एक चांगली सोय आहे: तोच माणूस थोड्या वेळात पुन्हा फोन करत असेल तर दुसरा कॉल वाजतो. अँड्रॉइडवर ही मुदत पंधरा मिनिटांची असते, आयफोनवर तीन. तेवढं चालू करा आणि घरच्यांना सांगून ठेवा, 'खरंच अडलं तर लागोपाठ दोनदा करा.' इतकं सांगितलं की माणूस निश्चिंत झोपतो.

बारावीवालीने अभ्यासाची वेळ याच पद्धतीने लावावी. दुकानवाल्याने गिऱ्हाइकाच्या वेळात पैसे आल्याचं सांगायला साउंडबॉक्स ठेवावा; प्रत्येक व्यवहाराला फोन उचलून बघितला की पाठोपाठ चार रील बघितले जातात आणि गिऱ्हाईक ताटकळतं. बाइकवाल्यांनी तर गाडीला किल्ली लावण्याआधी फोन गप्प करावा. दांड फाट्याहून मोहोपाड्याकडे येणारा रस्ता टँकर आणि ट्रेलरचा आहे. तिथे खिशातल्या एका थरथरीची किंमत हिशेबात बसत नाही.

सहावा कानमंत्र: गप्प करा, बहिरा करू नका

काही जण उत्साहाच्या भरात सगळंच बंद करतात. पॅनलवर ते सगळ्यात धोक्याचं. आमच्याकडे अलार्म बायपास करायचा तर लेखी परवानगी लागायची. तुम्हीही काही गोष्टी कधीच बंद करायच्या नाहीत.

१९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तिथपर्यंत गाडीरस्ता नव्हता; मदतीची माणसं पावसात, अंधारात डोंगर चढून गेली. त्याच वर्षी दूरसंचार विभागाने देशभरातल्या फोनवर आणीबाणीच्या इशाऱ्यांची चाचणी घेतली. मोठा विचित्र आवाज आणि पडद्यावर मेसेज, आठवत असेल. कटकट म्हणून बऱ्याच जणांनी सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं. बंद केलं असेल तर आज चालू करा. आपल्या डोक्यावर डोंगर आहे, शेजारी नदी आहे आणि आजूबाजूला केमिकलचे कारखाने आहेत. हा अलार्म वाजला तर करण्यासारखं काहीतरी असतंच. घराबाहेर पडायचं असेल, वरच्या मजल्यावर जायचं असेल, खिडक्या लावायच्या असतील.

बँकेचे मेसेज, घरच्यांचे कॉल, पाळीचा ग्रुप आणि हा इशारा. एवढे चार जागे ठेवा.

सातवा कानमंत्र: आठवड्याचं लॉगबुक

पाळी संपताना पुढच्याला हँडओव्हर द्यायचा आणि लॉगबुकमध्ये लिहायचं, हा आमचा शिरस्ता. फोनचं लॉगबुक फोनच ठेवतो. अँड्रॉइडमध्ये त्याला डिजिटल वेलबीइंग म्हणतात, आयफोनवर स्क्रीन टाइम; दोन्ही २०१८ ला आले. रविवारी एकदा उघडा. नुसते तास बघू नका. नकाशा लावून गाडी चालवली तरी तास वाढतात. फोन किती वेळा उघडला आणि कुठल्या ॲपने किती वेळा हाक मारली, ते बघा. सगळ्यात जास्त ओरडणारा जो सापडेल, त्या आठवड्यात त्याचाच बंदोबस्त करा. बाकीचं पुढच्या रविवारी. प्लांटमध्ये एका वेळी एकच बदल करायचा असतो, म्हणजे बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळतं. ॲप नवं टाकलं किंवा फोन बदलला की जुनी लावणी मोडते, म्हणून ही फेरी सोडायची नाही.

वेळेची मर्यादा घालणारे टायमर लावा, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. 'आणखी पंधरा मिनिटं' हे बटण दाबणारा आणि मर्यादा घालणारा माणूस एकच असतो. त्यापेक्षा ॲप दूर ठेवणं आणि फोन दूर ठेवणं जास्त टिकतं.

शेवटचा कानमंत्र: एकट्याने करू नका

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. कोरोनात शाळा फोनवर गेल्या, शाळा उघडल्या तरी पोरांच्या हातातून फोन सुटेना. तेव्हा गावाने ठरवलं आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. पोरं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला किंवा गप्पा मारायला. साडेआठला दुसरा भोंगा. मोठ्यांनीही फोन ठेवायचा, हा त्यातला खरा मुद्दा. पोराला 'अभ्यास कर' म्हणायचं आणि स्वतः रील बघत बसायचं, हे कुठल्याच घरात चाललेलं नाही.

मोहोपाड्यात सगळ्यांना एका वेळी बसवणं अवघड आहे. कुणी फर्स्टला, कुणी सेकंडला, कुणी नाइटला. पण एका घराला जमतं, एका बिल्डिंगला जमतं. घरातली सगळी माणसं असतील असा एक तास निवडा. भोंग्याची गरज नाही. जेवणाची ताटं वाढली की फोन फळीवर, एवढा साधा नियम पुरतो. पहिले काही दिवस चुळबुळ होईल, होऊ द्या. आणि पोरांनो, हा नियम तुमचे बाप मोडत असतील तर त्यांना बिनधास्त सांगा. माझं नाव सांगा.

आता सगळं आजच करायला जाऊ नका. आज रात्री जेवण झालं की फक्त नोटिफिकेशनची यादी उघडा आणि वरपासून खालपर्यंत तो एक प्रश्न विचारत जा: हे वाजलं तर मी काही करणार आहे का? 'नाही' आलं की बंद करा. अर्ध्या तासाचं काम आहे. तेवढं करा आणि मग पुढचा कानमंत्र घ्या.